मासे न खाणाऱ्यांचा पक्ष

ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे, त्यात ती प्लास्टर ओतायची, साचा वाळला की त्यावर मेणाची हिरडी उभी करायची आणि मग एकेक दात त्यात बसवायची. पॉलिशच्या मशीनची घरघर आणि नाकात चढणारा उग्र वास यांत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. लग्न एकदा ठरलं होतं, ते मोडलं. पुढे आई अंथरुणाला खिळली आणि मग तो विषय घरात कुणी काढलाच नाही.

आईचं सगळं तिनेच केलं. भाऊ दुसऱ्या शहरात होता. फोन करायचा, फळं पाठवायचा, "तू आहेस म्हणून मला काळजी नाही" असं म्हणायचा. आई देवभोळी. पाय चालत होते तोवर रोज प्रार्थनाघरात जायची, मागच्या जाळीआड बायकांमध्ये बसायची, आणि सगळे निघून गेले की पुढच्या, पुरुषांच्या बाजूची फरशी पुसायची. पुसायला तिला पुढे जाता यायचं, बसायला नाही. लहानपणी मुलीने याबद्दल विचारलं तेव्हा आई म्हणाली होती, "अगं, देवाला मागचंही ऐकू येतं."

आई गेली तेव्हा भाऊ आला. मृतदेह स्मशानाकडे निघाला, ती सोबत चालत गेली, आणि फाटकापाशी धर्मगुरूंच्या माणसाने हात आडवा केला. "बायका इथपर्यंतच." तो काही उद्धटपणे बोलला नाही. रोजचं काम असल्यासारखं बोलला. ती थांबली. भाऊ आत गेला. थोड्या वेळाने तोच घाईघाईने परत फाटकाशी आला, घामाघूम, आणि हळूच म्हणाला, "ताई, आजीचं नाव काय होतं गं? आईच्या आईचं. आत विचारतायत."

तिने नाव सांगितलं. भाऊ परत आत गेला, फाटक लागलं. नाव तिच्याकडचं होतं, सांगायचा हक्क मात्र त्याचा. घरी येऊन तिने आईच्या उशाशी असलेली प्रार्थनेची माळ कपाटात ठेवली, आणि त्यानंतर तिने कधी हात जोडले नाहीत. रागाने ठरवून केलं असंही नाही. जे होतं ते संपलं, एवढंच.

सर तिला भेटले ते कवळीमुळेच. शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक, ताठ कण्याचे, आवाज अजून वर्गात शिकवत असल्यासारखा. त्यांची खालची कवळी बोलताना निसटायची आणि डॉक्टरांकडे तीन चकरा मारून वैतागल्यावर ते थेट वर्कशॉपमध्ये येऊन उभे राहिले. तिने कवळी घासून, बसवून, पुन्हा घासून दिली. सरांनी तोंड उघडझाप करून पाहिलं आणि म्हणाले, "देवाने दिलेले दात पन्नाशीत पडले. तुमचे बघू किती टिकतात."

"देवाने दिले होते असं कुणी सांगितलं?" ती म्हणाली.

सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि शुक्रवारी संध्याकाळी घरी यायचं आमंत्रण दिलं.

दर शुक्रवारी सरांच्या पुढच्या खोलीत काही माणसं जमायची. देव न मानणारी. एक वकील होता, चष्मा कपाळावर चढवून बोलणारा. एक औषधांच्या दुकानाचा मालक, त्याला सगळे औषधवाले म्हणायचे. एक मोटार चालवायला शिकवणारा, म्हणून मास्तर. आणखी दोघं-तिघं कधी यायची, कधी नाही. बाई म्हणून ती एकटीच. सर तिला कौतुकाने 'कवळीबाई' म्हणायचे, आणि ते नाव चिकटलं.

पहिले काही महिने तिला वाटलं, आपण घरी आलो. कपाळाला आठी न घालता कुणीतरी आपलं ऐकतंय, एवढ्यानेच ती सुखावली. मास्तर तर हसवून मुरकुंडी वळवायचा. त्याचा देवावर विश्वास नव्हता, पण घाटातल्या एका वळणावर "काहीतरी आहे" असं तो शपथेवर सांगायचा, आणि शिकाऊ गिऱ्हाइकांना तिथे गाडी चालवायला देत नसे. वकील त्याला म्हणायचा, "अरे, तू देवाला काढलंस आणि भुताला भाडेकरू ठेवलंस."

चहा आतून यायचा. सरांची लेक तो आणायची. चाळिशीच्या पुढची, अंगाने बारीक, पायांचा आवाज न करता चालणारी. बोलायला-ऐकायला त्रास असलेल्या मुलांच्या शाळेत ती शिकवायची. सरांना अर्धांगवायूचा पहिला झटका आल्यावर तिने नोकरी सोडली. कप ठेवायची, रिकामे उचलायची आणि आत जायची. एकदा कवळीबाईने सरांना विचारलं, "तुमची लेक बसत नाही का आपल्यात?"

"तिला यात रस नाही," सर म्हणाले.

ते तिला पटलं नाही. पुढच्या शुक्रवारी ती कप घेऊन आत गेली आणि लेकीलाच विचारलं. लेक भांडी विसळत होती. म्हणाली, "रस आहे की नाही ते मलाही माहीत नाही, ताई. कुणी विचारलंच नाही कधी. दादाला बाबा जवळ बसवून सगळं समजावायचे. ग्रहण कसं लागतं, वीज कशी पडते. मी दाराआडून ऐकायचे. ऐकून ऐकूनच मीही मानायचं सोडलं."

दादा म्हणजे सरांचा मुलगा. शिकायला परदेशात गेला आणि तिथेच राहिला. सरांच्या बोलण्यात तो वारंवार यायचा. लेकीचं नाव फक्त तिला हाक मारताना यायचं.

त्यानंतर लेक कधीकधी दारात उभी राहून ऐकू लागली. कवळीबाई सरकून जागा करायची, पण ती बसायची नाही. "गॅसवर दूध आहे," म्हणायची.

मग एका शुक्रवारी कवळीबाईनेच विषय काढला. प्रार्थनाघराचं नवं बांधकाम चाललं होतं आणि बायकांची जागा जाळीआडून हलवून थेट तळघरात नेणार होते. गल्लीतल्या चार-पाच बायका कुरकुरत होत्या, पण बोलायला कुणी धजत नव्हतं. कवळीबाई म्हणाली, "आपण त्यांच्या बाजूने उभं राहू या. निदान एक निवेदन देऊ."

औषधवाले हसले. "अहो, आपण देवच मानत नाही. मग त्याच्या घरात कोण कुठे बसतं याचं आपल्याला काय?"

"ज्या बसतात त्यांचं काय?"

"त्यांनी जाऊ नये. प्रश्न सुटला."

वकिलाने चष्मा कपाळावर नेला. "कवळीबाई, गल्लत होतेय तुमची. देव नाही, हा एक नकार आहे. त्यातून दुसरं काहीच निघत नाही. बायकांना समान मानणं ही वेगळी गोष्ट. मी मानतो, पण ती मी नास्तिक आहे म्हणून नाही. आणि उद्या एखादा नास्तिक तसं मानत नसेल, तर तो काही कमी नास्तिक ठरत नाही. जे मासे खात नाहीत त्यांचा काय पक्ष असतो का?"

मास्तर मांडीवर थाप मारून हसला.

"मग आपण दर शुक्रवारी जमतो कशाला?" तिने विचारलं.

मग औषधवाले गंभीर होऊन म्हणाले, "हे बघा, राग मानू नका. पण बाई आणि पुरुष सारखे नाहीतच. धर्माचं सोडा. निसर्गानेच तसं ठरवलंय. बाईचा पिंड घर सांभाळण्याचा. शास्त्र आहे ते."

लहानपणापासून हे वाक्य तिने किती जणांच्या तोंडून ऐकलं होतं. यांनी त्यातला देव तेवढा उठवला होता आणि त्याच पाटावर निसर्ग बसवला होता. तिने सरांकडे पाहिलं. सर खिडकीतून बाहेर बघत होते. शेवटी म्हणाले, "मतभेद असणारच. एकमत ही धर्माची गरज आहे, आपली नाही." वाक्य छान होतं. सगळ्यांनी मान डोलावली. निवेदन राहून गेलं. दारात ऐकत उभी असलेली लेक पुढे आली आणि कप गोळा करू लागली.

कवळीबाईने तरी जाणं सोडलं नाही. जायला दुसरं होतंच काय? घरोघरी मातीच्या चुली, असं म्हणून ती पुढच्या शुक्रवारी पुन्हा हजर झाली.

सरांना दुसरा झटका आला आणि ते खाटेला लागले. उजवी बाजू गेली. कवळी काढून ठेवली, त्यामुळे बोललेलं निम्मं हवेत जायचं; पण कवळीबाईला बिनदाताचं बोलणं कळायचं, तिचा धंदाच तो. एका दुपारी लेक उशाशी असताना सर दोघींना म्हणाले की आपल्यामागे कसलेही विधी नकोत. देह वैद्यकीय कॉलेजला द्यायचा. तशी नोंदणी त्यांनी पूर्वीच केली होती. "मुलं शिकतील," ते म्हणाले. मग कवळीबाईकडे डोळे वळवून, "तुम्ही सगळे आहातच."

लेक म्हणाली, "हो बाबा."

ते गेले तेव्हा पहाट होती. लेकीने आधी कवळीबाईला फोन केला, मग कॉलेजला. कॉलेजचा माणूस सभ्य होता. म्हणाला, गाडी पाठवतो, फक्त जवळच्या सगळ्या नातेवाइकांची संमती हवी. घरात वाद असेल तर आम्ही नेत नाही. लेकीने भावाला कळवलं. तो म्हणाला, "मी विमानात बसतोय. येईपर्यंत काही करू नका."

तो येईपर्यंत घर भरलं. काका आले, आत्या आली, कधी न फिरकलेले चुलतभाऊ आले. आत्याने आल्या आल्या धर्मगुरूंना निरोप धाडला. बर्फाच्या लाद्यांवर सर निजलेले, आणि त्यांच्या आयुष्यभराच्या मताची चर्चा स्वयंपाकघरात चाललेली. "त्याचं डोकं फिरलं होतं म्हणून आपलंही फिरवायचं का?" काका म्हणाले. शुक्रवारची मंडळी पुढच्या खोलीत, नेहमीच्याच खुर्च्यांवर बसली होती.

मुलगा संध्याकाळी पोचला. डोळे रडून लाल झालेले. वाईट माणूस नव्हता. वडिलांच्या पायांशी बराच वेळ बसला. मग बहिणीला बाजूला घेऊन म्हणाला, "विधी करून टाकू."

"बाबांना नको होते. मला सांगितलंय, या ताईंसमोर सांगितलंय."

"मला माहीत आहे. मी काय देव मानतो? तुझ्याइतकाच नास्तिक आहे मी, जास्तच असेन. म्हणून तर म्हणतो. बाबा आता नाहीत. त्यांना कळणार नाही, दुखणार नाही. पण आत्याला दुखेल, काकांना दुखेल. जे नाहीत त्यांच्यासाठी जे आहेत त्यांना का दुखवायचं?"

लेकीने पुढच्या खोलीकडे पाहिलं. कवळीबाई उठली आणि वकिलासमोर उभी राहिली. "तुम्ही बोला काहीतरी. सरांनी आपल्यावर सोपवलंय."

वकिलाने चष्मा काढून पुसला. "तर्क तसा बरोबर आहे त्याचा," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाला इच्छा नसते. होती, असं म्हणता येईल. कायद्यानेही एकाची हरकत असली तर कॉलेज हात लावणार नाही."

"भावाबहिणीच्या मधे आपण पडू नये," औषधवाले म्हणाले.

"आणि ती?" कवळीबाई म्हणाली. "ती तर आहे ना जिवंत? तिला दुखतंय, ते मोजायचं नाही का?"

मास्तर खाली बघत होता. काकांनी आतून विचारलं, "बाहेर कसला गोंधळ आहे?" तेव्हा वकीलच म्हणाला, "काही नाही, काही नाही."

लेकीने शेवटचं म्हणून सांगितलं, "मग निदान मी करते जे काय करायचं ते. मुलगी म्हणून."

धर्मगुरू तोवर आले होते. त्यांनी मान हलवली. मुलगा असताना मुलीने करायची रीत नाही, म्हणाले. आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, "तू दमलीस बाळा. इतकं केलंस. आता त्याला करू दे."

भाऊ म्हणाला, "एवढ्याशा गोष्टीवरून कशाला? तुझा-माझा विश्वास आहे का त्यावर?"

सरांना उचललं तेव्हा बायका दारातच थांबल्या. पुरुष सगळे गेले. वकील गेला, औषधवाले गेले, मास्तरने तर आपली गाडी काढली. ज्यांनी इतके शुक्रवार देवाच्या नावाने बोटं मोडली होती त्यांना स्मशानात कुणी अडवलं नाही. घरात आत्या म्हणाली, "आता फरशी धुवून घ्यायची असते." लेकीने बादली भरली. कवळीबाईने तिच्या हातून फडकं घ्यायचा प्रयत्न केला, पण तिने सोडलं नाही. बर्फाचं पाणी खोलीभर पसरलेलं होतं. ती गुडघ्यांवर बसून ते टिपत राहिली, पिळत राहिली. रडली नाही.

पुरुष परतले. "सगळं व्यवस्थित झालं," औषधवाले म्हणाले. मास्तर पायरीवर कवळीबाईच्या शेजारी बसला. म्हणाला, "तिथे सगळे नमस्काराला वाकले. मीपण वाकलो. एकट्याने ताठ कसं उभं राहायचं, कवळीबाई?" तिला त्याची कीव आली. निदान हा बोलला तरी.

शोकसभा वकिलाच्या ऑफिसात झाली. प्रमुख वक्ता म्हणून सरांचा मुलगा. त्याने वडिलांनी ग्रहण कसं समजावून सांगितलं ते सांगितलं आणि लोकांचे डोळे ओले झाले. लेक शेवटच्या ओळीत बसली होती. वकील, औषधवाले, शाळेतले जुने सहकारी, एकेक जण उठून बोलला. सरांनी कुणापुढे मान तुकवली नाही, असं तिघांनी तरी सांगितलं. आभार मानायची वेळ आली तेव्हा कवळीबाई उभी राहिली.

"त्यांच्या लेकीला बोलू द्या," ती म्हणाली.

"वेळ फार झालाय," वकील म्हणाला. "आणि त्यांना अवघड जाईल."

"सरांना विधी नको होते. इथे बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. ते झाले, आणि आपण सगळे बघत राहिलो. हे कुणी तरी म्हणायला हवं."

सभेत चुळबुळ झाली. मुलाचा चेहरा पडला. वकील मृदू आवाजात म्हणाला, "आजच्या दिवशी वाद नको. सरांनाही ते आवडलं नसतं."

"सरांना आता काय आवडतं न आवडतं ते कसं कळलं तुम्हाला?" तिने विचारलं. "त्या दिवशी तर त्यांना इच्छाच नव्हती."

तिने लेकीकडे पाहिलं. लेकीने मान किंचित हलवली: नको. कवळीबाई खाली बसली, आणि आभार मानून झाल्यावर निघून गेली. शुक्रवार पुढे वकिलाच्या ऑफिसात भरू लागले असं तिच्या कानावर आलं. तिला कुणी बोलावलं नाही, येऊ नका असंही कुणी म्हटलं नाही.

मुलगा परत गेला. जाण्याआधी त्याने घर भाड्याने दिलं आणि बहिणीसाठी एक खोली बघून दिली, तिची सोय व्हावी म्हणून. लेकीला तिच्या शाळेत परत घेतलं नाही. तिची जागा भरली होती. कवळीबाई अधूनमधून तिच्याकडे जायची. दोघी बसायच्या. बोलायला विषय एकच, सर; आणि सरांबद्दल बोलायचं म्हटलं की लेक खिडकी लावायला उठायची.

मग दोन-तीनदा खोलीला कुलूप दिसलं. एका संध्याकाळी कवळीबाई कामावरून घरी निघाली होती, तेव्हा प्रार्थनाघराच्या रस्त्यावर लेक समोरून आली. डोक्यावर ओढणी. दोघी थबकल्या.

"तू?" कवळीबाई म्हणाली.

"हो," लेक म्हणाली. लपवलं नाही तिने. "महिना झाला."

"मानायला लागलीस?"

"नाही. अजिबात नाही." लेक म्हणाली. "खाली तळघरात बसवतात. दमट आहे, वरचं नीट ऐकूही येत नाही. पण शेजारी कुणीतरी बसतं, ताई. मी दोन दिवस गेले नाही तर एक म्हातारी जिने चढून खोलीवर आली, ताप आला का विचारायला. बाबांच्या शुक्रवारातलं कुणी आलं?"

कवळीबाईने कामाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तुम्ही येता," लेक घाईने म्हणाली. "तुमचं नाही म्हणत मी."

"पण इथल्याच लोकांनी तुला दारात थांबवलं होतं."

"त्यांनी थांबवलं. आपल्या लोकांनी थांबू दिलं." लेकीच्या आवाजात राग नव्हता, भाजीचा भाव सांगावा तसं ती बोलली. "तुम्हीही चला ना. मानलंच पाहिजे असं काही नाही. तिथे निम्म्या बायका काय मानतात कुणास ठाऊक. कुणी विचारत नाही."

कवळीबाईला क्षणभर खरंच जावंसं वाटलं. त्या बायकांमध्ये आईला ओळखणाऱ्या दोघी-चौघी अजून असतील. आपल्यालाही त्या ओळखतील, जवळ बसवून घेतील, वाळलीस म्हणतील. पण पाय उचलला नाही. आत जाऊन खोटं बसायचं तिला जमणार नव्हतं, आणि खरं बसायला आता कुठे जागा उरली नव्हती.

"मला नाही जमणार," ती म्हणाली.

"माहीत आहे मला," लेक म्हणाली. तिने कवळीबाईचा हात दाबला, ओढणी सारखी केली आणि बाजूच्या अरुंद दाराने खाली उतरली. मागून दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून आल्या. कवळीबाईने बाजूला होऊन त्यांना वाट दिली. त्यातली एक म्हणाली, "येतेस ना गं आत?" तिने नकारार्थी मान हलवली. म्हातारी पायरी चाचपत उतरून गेली.

ती घरी आली. शुक्रवार होता हे तिला कुलूप काढताना आठवलं. त्याने काही फरक पडणार नव्हता. तिने दार लावून घेतलं, चप्पल काढली आणि दिवा न लावता खाटेच्या कडेवर बसून राहिली. हाक मारावी असं कुणी तिला आठवत नव्हतं, वर नाही आणि खालीही नाही.